कोरसच्या रांगेतून स्वतःच्या गाण्यापर्यंत

कोरस म्हणा, हार्मनी म्हणा किंवा बॅकिंग व्होकल म्हणा, काम एकच. मुख्य गायकाच्या मागे उभं राहायचं, त्याचा आवाज भरून काढायचा आणि आपला आवाज वेगळा ऐकू येऊ द्यायचा नाही. तुम्ही या कामाला नुकतेच लागला असाल आणि पुढे स्वतः रचलेलं गाणं स्वतःच्या नावावर गायचं मनात असेल, तर त्या वाटेवर कशाच्या आधी काय करायचं ते इथे क्रमाने मांडलं आहे.

माझं ठाम मत आधीच सांगून टाकतो. कोरसमधून थेट एकल गायक व्हायला धावू नका; मधे गाणी रचण्याची काही वर्षं जाऊ द्या. चांगल्या आवाजाचे लोक कोरसमध्ये पुष्कळ असतात. त्यातल्या कुणाकडे स्वतःची गाणी आहेत हे विचारलं की बहुतेक माना खाली जातात. अमेरिकन गायक ल्यूथर व्हँड्रॉस १९७४ मध्ये इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या ध्वनिमुद्रणाला मित्राबरोबर गेला होता. तिथे सहज गुणगुणलेल्या हार्मनीमुळे (मुख्य चालीला जोड देणाऱ्या वरच्या-खालच्या ओळीमुळे) व्हँड्रॉसला काम मिळालं, आणि पुढच्या वर्षी आलेल्या बोवीच्या त्या अल्बममध्ये व्हँड्रॉसच्या एका गाण्यावरून बेतलेली रचनाही आली. त्यानंतर व्हँड्रॉसच्या स्वतःच्या गटाचे दोन अल्बम निघाले, ते चालले नाहीत. तो पुन्हा जाहिरातींच्या जिंगल आणि दुसऱ्यांचे कोरस गाऊ लागला, सोबत रचत राहिला. एकल गायक म्हणून त्याचं नाव झालं १९८१ मध्ये. सात वर्षं गेली, आणि त्या वर्षांत मागे गाणं त्याने सोडलं नव्हतं.

१. आधी मागे गायला नीट शिका

पहिल्या सेशनला, म्हणजे स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाच्या बैठकीला, जाणाऱ्याला वाटतं की आपला गळा किती तयार आहे ते आज दाखवायचं. तिथे पाहतात वेगळंच: शेजारच्या दोघांत तुमचा आवाज मिसळतो का.

मिसळणं बऱ्याच अंशी शब्दांतल्या स्वरांवर अवलंबून असतं. तिघांनी ‘आ’ तीन तऱ्हांनी उघडला, तर सूर बरोबर असूनही जोड फाटल्यासारखा ऐकू येतो. म्हणून सुरुवातीला शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून गा. आवाजातला कंप जवळजवळ बंद ठेवा. तीन गळ्यांचे कंप तीन गतींनी हलले की सूर गढूळ होतो. ओळीच्या शेवटचे स, श, त, ट एकानेच स्पष्ट म्हणायचे, बाकीच्यांनी सोडून द्यायचे. लांब ओळीत श्वास आळीपाळीने घ्या. हेडफोनची एक बाजू कानावरून थोडी सरकवली तर स्वतःचा खरा सूर कळतो, पण त्या बाजूचा आवाज बंद करायला सांगायला विसरू नका, नाहीतर लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारा क्लिकचा ठोका तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि अख्खा टेक, म्हणजे त्या खेपेचं ध्वनिमुद्रण, वाया जातो.

चाल एकदा ऐकली की तिच्या वरची आणि खालची हार्मनी लगेच लावता आली पाहिजे. याचा सराव घरी करा: कुठलंही गाणं लावा, मुख्य चाल गाऊच नका, पहिल्यांदा वरची ओळ धरा, दुसऱ्यांदा खालची. हळूहळू स्वरसंगती (कॉर्ड) कुठे बदलते आणि का बदलते हे कानाला कळू लागतं. पुढे स्वतः रचताना हीच शिदोरी कामी येते.

आणि वेळेवर पोहोचा. या धंद्यात पुन्हा बोलावणं येतं ते बऱ्याचदा एवढ्याच कारणाने.

२. प्रत्येक सेशनची नोंद ठेवा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, तरी तो मुद्दाम लांबवतो आहे, कारण नवे गायक सर्वांत जास्त नुकसान इथेच करून घेतात.

१९७३ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइड या रॉक गटासाठी क्लेअर टॉरी या सेशन गायिकेला बोलावलं गेलं. शब्द नव्हते. गायकाने नेमकं काय गायचं हेही कुणाला ठरवता आलेलं नव्हतं. गटातल्या रिचर्ड राइटने पियानोवर बांधलेल्या स्वरसंगतीवर तिने उत्स्फूर्तपणे आवाज लावला, तीस पौंड घेतले आणि ती घरी गेली. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ हे गाणं जगभर पोचलं. रचनाकार म्हणून नाव मात्र एकट्या राइटचं. २००४ मध्ये टॉरीने दावा लावला, पुढच्या वर्षी न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि राइटबरोबर तिचंही नाव लागू लागलं. मधे तीस वर्षांहून जास्त काळ गेला होता.

यातून घ्यायचा धडा असा की गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या विशिष्ट दिवशी टिपल्या गेलेल्या आवाजाचा. दुसऱ्याने दिलेली ओळ तुम्ही गायलात तर तुम्ही सादर करणारे आहात. मानधन घेतलंत की मुख्य व्यवहार बहुधा संपतो, तरी अनेक देशांत ध्वनिमुद्रण प्रसारित झाल्यावर साथ करणाऱ्या कलाकारांनाही छोटासा वाटा मिळतो आणि त्यासाठी कलाकारांच्या संस्थेत नाव नोंदवावं लागतं. पण ‘इथे काहीतरी सुचेल ते गा’ असं सांगून तुमच्याकडून नवी चाल काढून घेतली, तर तुम्ही रचनेतही हात घातलेला असतो. हे बोलणं टेक सुरू होण्याआधी करा. शांतपणे विचारा: मी काही नवं रचलं तर श्रेय कसं धरायचं? प्रश्न अवघड वाटतो, पण व्यवहार जाणणाऱ्या निर्मात्याला त्यात वावगं काही वाटत नाही.

एक वही करा. तारीख, स्टुडिओ, गाण्याचं त्या दिवशीचं तात्पुरतं नाव (ते पुढे हमखास बदलतं), बोलावणाऱ्याचं नाव, तुम्ही किती ओळी आणि किती थर (एकावर एक चढवलेले आवाज) गायलात, मानधन किती ठरलं आणि कधी मिळालं. नाव कसं छापायचं तेही लेखी कळवा. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक गटाच्या ‘गिमी शेल्टर’ गाण्यात मेरी क्लेटन या गायिकेचा आवाज गाण्याचा कळस ठरला, आणि अल्बमच्या वेष्टणावर तिचं नाव चुकीच्या वर्णांनी छापलं गेलं. अमेरिकन गायिका डार्लिन लव्हची गोष्ट याहून कठोर: १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं एक गाणं तिने गायलं, आणि ते बाजारात आलं दुसऱ्याच गटाच्या नावावर. तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं ते २०११ मध्ये.

३. रचायला लागा

कोरस गायकाच्या पहिल्या चालींत एक खोड हटकून दिसते. हार्मनीची ओळ स्वभावतःच कमी हलते: दोन-तीन सुरांत फिरते, एकाच सुरावर थांबून राहते आणि खालची स्वरसंगती बदलल्यावरच हलते. वर्षानुवर्षं हेच गायल्यावर स्वतःची चालही तशीच सुचू लागते. वाद्यांसोबत ती गोड वाटते, कारण तिला आधार असतो. म्हणून चाल झाली की सगळी वाद्यं बंद करा आणि ती मोकळ्या आवाजात गाऊन बघा. नुसत्या आवाजात ती कुठून निघते, कुठे चढते आणि कुठे टेकते हे कळलं तर चाल उभी आहे. नाही कळलं तर तुम्ही एका न रचलेल्या चालीची हार्मनी रचली आहे. तिची खरी मुख्य चाल कोणती असेल ते शोधा. पुष्कळदा ती वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या सुरावर सापडते.

दुसरी खोड थरांची. फोनवर किंवा संगणकावर आवाजाचे आठ थर चढवता येतात आणि ते ऐकून रचनेतलं रितेपण लक्षात येत नाही. नवं गाणं पूर्ण होईपर्यंत एकच आवाज आणि एकच वाद्य, असा नियम स्वतःला घाला.

तिसरी अडचण पट्टीची. तुम्ही कायम दुसऱ्याच्या पट्टीत गात आलात, त्यामुळे स्वतःची पट्टी कोणती हे अनेकांना ठाऊकच नसतं. एक मुखडा घ्या आणि तो अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली आणत दर वेळी ध्वनिमुद्रित करा, मग वर नेत करा. दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे शब्द बोलल्यासारखे सहज येतात आणि चढाच्या सुरावर थोडा ताण उरतो, ती तुमची पट्टी. फार उंच गाता येतं म्हणून उंच धरू नका. कोरसमध्ये वरची ओळ नेहमी तुमच्या वाट्याला आली असेल तर हा मोह फारच होतो.

शब्दांबद्दल एवढंच सांगतो की कोरसमध्ये आपण बहुतेक वेळा ध्रुवपदच गातो. कडव्यांत गप्प असतो. म्हणून ध्रुवपद लवकर जमतं आणि कडवी पोकळ राहतात. कडव्यात गोष्ट पुढे सरकली पाहिजे. दुसरं कडवं गाळलं तरी काही बिघडत नसेल, तर ते अजून लिहून झालेलं नाही.

शब्द येतच नसतील तर शब्द लिहिणारा माणूस शोधा. त्यात कमीपणा काही नाही.

४. इतरांबरोबर रचा, आणि वाटे त्याच दिवशी लिहा

मागे गाणाऱ्याला एक मोठा फायदा असतो: वादक, ध्वनिमुद्रक, संगीत संयोजक, सगळे ओळखीचे असतात. दौऱ्यात आणि स्टुडिओत रिकामा वेळही पुष्कळ असतो. तो वेळ एकत्र रचण्यात घालवा. शॅरन रॉबिन्सन ही गायिका १९७९ मध्ये कॅनडाचा गायक-कवी लिओनार्ड कोहेन याच्या दौऱ्यात कोरस गाण्यासाठी आली. पियानोवर तिच्याजवळ एक चाल होती, ती तिने त्याला ऐकवली आणि दोघांची रचनेतली भागीदारी सुरू झाली. २००१ मधला त्याचा एक अख्खा अल्बम दोघांनी मिळून रचला आणि निर्मिती तिने केली. २००८ मध्ये तिचा स्वतःचा एकल अल्बम आला.

मुख्य कलाकाराला चाल ऐकवायची असेल तर वेळ बघा. कार्यक्रमाच्या आधी कधीच नाही. एकच गाणं, तेही त्याच्या गळ्याला शोभेल असं, आणि नंतर पाठपुरावा एकदाच.

एकत्र बसून गाणं झालं की उठण्याआधी वाट्यांचा कागद करा. त्यावर गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर पूर्ण नाव, प्रत्येकाचा टक्का (बेरीज शंभर आली पाहिजे), प्रत्येक जण कोणत्या हक्क संस्थेचा (रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा) सभासद आहे ते आणि सगळ्यांच्या सह्या. दुसऱ्या कुणाच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला असेल तर तेही लिहा. कोणी किती ओळी लिहिल्या याचा हिशोब घालत बसण्यापेक्षा खोलीतल्या सगळ्यांना समान वाटा देणं मला जास्त बरं वाटतं. मैत्री टिकते आणि पुढचं गाणंही होतं.

शेरिल क्रो हे याचं बोलकं उदाहरण. शाळेत संगीत शिकवणारी ही गायिका जिंगल गात गात १९८७ ते १९८९ मायकेल जॅक्सनच्या दौऱ्यात कोरसला उभी होती. १९९२ मध्ये तिने केलेला पहिला अल्बम प्रकाशितच झाला नाही. मग मंगळवारी रात्री जमणाऱ्या रचनाकारांच्या टोळक्यात ती सामील झाली आणि तिथल्या गाण्यांचा अल्बम १९९३ मध्ये निघाला. १९९५ च्या ग्रॅमी सोहळ्यात तिला तीन पुरस्कार मिळाले, आणि श्रेयावरून त्या टोळक्यात कटुताही आली. त्याच अल्बममधल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे शब्द विन कूपर या कवीच्या कवितेवर बेतलेले होते. तिथे मात्र व्यवहार सरळ झाला: कवीचं नाव रचनाकारांत लागलं आणि रॉयल्टीतला वाटाही त्याला मिळाला. छापलेली कविता, लोकांनी ऐकलेली ओळ, मित्राच्या वहीतलं कडवं, काहीही घ्यायचं तर आधी परवानगी घ्या.

५. डेमो

डेमोवर, म्हणजे गाणं ऐकवण्यासाठी केलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणावर, फार खर्च करू नका. शांत खोली, एक माइक, तोंडापासून साधारण वीतभर अंतर, भिंतींवर जाड कापड. आवाजावर घुमारा वगैरे ध्वनिपरिणाम न चढवता मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवा. पुढे तेच टेक अंतिम मिक्समध्ये वापरायची वेळ येऊ शकते. प्रत्येक गाण्याच्या तीन फाइल ठेवा: पूर्ण गाणं, आवाजाशिवाय वाद्यं, वाद्यांशिवाय आवाज. गाणं पडद्यावरच्या कुठल्या दृश्यासाठी मागितलं गेलं तर पहिली मागणी बहुतेक आवाजाशिवायच्या फाइलची असते.

दुसऱ्यांच्या गाण्यांचे डेमो गाण्याचं काम मिळालं तर जरूर घ्या. गाणं कच्चं असताना कसं दिसतं आणि पक्कं होताना त्यातून काय गळतं, हे इतक्या जवळून दुसरीकडे बघायला मिळत नाही.

६. मिसळायची सवय मोडा

पहिल्या पायरीत जे कमावलं त्यातलं बरंच आता बाजूला ठेवायचं आहे, आणि खरा त्रास इथे होतो.

कोरसमध्ये ओळ ठोक्यावर सुरू होते, ठोक्यावर तुटते. एकट्याने गाताना तेवढी शिस्त निर्जीव वाटते. एकच ओळ तीनदा गा: एकदा बरोबर ठोक्यावर, एकदा जरा आधी, एकदा ठोका जाऊ देऊन मागाहून. अर्थ प्रत्येक वेळी बदलतो. कोणत्या ओळीला काय हवं ते ठरवा आणि कागदावर खूण करा. कंप परत येऊ द्या, पण फक्त जिथे सूर थांबतो तिथे. शेवटची व्यंजनं आता तुमचीच आहेत, ती पूर्ण म्हणा. श्वास ऐकू आला तरी चालेल. तो वाक्याचा भाग असतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. मागे गाताना इतकी वर्षं वेगवेगळ्या गायकांना शोभेल असा आवाज लावल्यावर तुम्ही उत्तम नक्कल करू लागता. स्वतःचं गाणं गातानाही कुणाच्यातरी ढंगात ओळ निघते आणि ती चांगलीही वाटते. यावर मला पटलेला उपाय असा: गाणं आधी बोलून ध्वनिमुद्रित करा, समोर बसलेल्या एका माणसाला सांगावं तसं. मग त्याच चढउतारांवर गा. बोलताना नक्कल फारशी होत नाही.

मंचावर नजरेचाही सराव लागतो. कोरसमधला गायक मुख्य गायकाकडे किंवा शेजाऱ्याकडे बघत असतो. मध्यभागी उभं राहिल्यावर ती नजर सवयीने बाजूला जाते आणि प्रेक्षक सुटतात. छोट्या जागेत, मोजक्या लोकांपुढे, पाच-सहा गाण्यांपासून सुरुवात करा. दोन गाण्यांमधे काय बोलणार तेही लिहून पाठ करा, कारण आजवर ते काम तुमचं नव्हतं.

७. गाणं बाहेर काढणं

प्रकाशनाआधी दोन नोंदी वेगवेगळ्या कराव्या लागतात. रचना हक्क संस्थेकडे नोंदवायची, तिला आयएसडब्ल्यूसी हा रचनेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा वर्णांचा वेगळा क्रमांक लागतो, तो वितरक देतो. एक नोंद केली म्हणजे दुसरी आपोआप झाली असं समजू नका. वाट्यांच्या कागदावरची नावं आणि नोंदीतली नावं तंतोतंत जुळली पाहिजेत, नाहीतर पैसे अडकून राहतात.

प्रकाशन करार समोर आला तर घाईने सही नको. काही करारांत प्रकाशक फक्त वसुलीचं काम बघतो आणि ठरलेला टक्का घेतो. मालकी तुमचीच राहते. काहींत मालकीचा भाग कायमचा किंवा दीर्घ काळासाठी जातो. उचल किती मिळते यापेक्षा हक्क परत कधी येतात हे आधी वाचा, आणि संगीत करार जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.

श्रेयनामावलीत तुमच्या गाण्यावर कोरस गायलेल्या प्रत्येकाचं नाव घाला. हे सांगायची गरज तुम्हाला नसावी.

८. जुनं काम सोडायचं कधी?

सोडावंच लागतं असं नाही. दौऱ्याच्या करारात तीन कलमं बघा: त्या काळात दुसरीकडे गाता येतं का, दौऱ्यातलं चित्रीकरण स्वतःच्या प्रसिद्धीसाठी वापरता येतं का, आणि मुख्य कलाकाराचं नाव स्वतःच्या ओळखीत किती वापरता येतं. तिसऱ्याबद्दल करार मोकळीक देत असला तरी हात राखून वापरा. जाहिरातीत दुसऱ्याचं नाव मोठं झालं की लोक त्याचीच गाणी ऐकायला येतात. पहिलं गाणं बाहेर येण्याआधी मुख्य कलाकाराला स्वतः जाऊन सांगा. बातमी दुसरीकडून कळू देऊ नका.

अमेरिकन गायिका लिसा फिशरला १९९१ च्या एकल अल्बममधल्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं, तरी ती अनेक वर्षं रोलिंग स्टोन्सबरोबर मागे गात राहिली आणि नंतर स्वतःचा वाद्यवृंद घेऊन पुढेही आली. शॅरन रॉबिन्सन तर एकल अल्बम आला त्याच वर्षी कोहेनच्या दौऱ्यात परत कोरसला उभी राहिली. तुम्हीही परत जाणार असाल तर तीन गोष्टी आधी लेखी ठरवून घ्या: तुमच्या कार्यक्रमांच्या ठरलेल्या तारखांना सुट्टी, त्या दिवशी तुमच्या जागी कोण गाणार, आणि दौऱ्यात रचलेल्या गाण्यांचे हक्क तुमच्याकडेच राहतील असं कलम.